पाण्याखाली जाण्यापूर्वी

मागच्या डिसेंबरमध्ये सबमिशन संपलं आणि आमच्या मजल्यावरच्या सात जणांनी कोकणात जायचं ठरवलं. बारामतीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे पॅकेज होतं. मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, राहणं, जेवण आणि स्कूबा डायव्हिंग, सगळं त्यातच. आम्ही त्याला दोनच प्रश्न विचारले. एक, मासे रोज मिळणार का? दोन, पाण्याखालचा व्हिडिओ मिळणार का? दोन्हीला 'हो' आलं आणि आम्ही ॲडव्हान्स भरला. स्कूबा कोणाकडे आहे, तो माणूस कोण, त्याचं सामान कसं आहे, हे विचारावं असं आम्हा सात भावी इंजिनिअर्सपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाइक घेताना आम्ही कंपनीपासून टायरच्या नक्षीपर्यंत आठवडाभर वाद घालतो!

माझ्या रूम पार्टनरला तेव्हा सर्दी होती. बोटीवर बसल्यावर तो म्हणाला, "मी नको, बघत बसतो." मी म्हणालो, "चल रे, पैसे भरलेत." बोटीवर कोणी फॉर्म भरून घेतला नाही, कोणी तब्येत विचारली नाही. इंजिनाच्या आवाजात दोन मिनिटांत हाताच्या खुणा सांगून झाल्या आणि दोघादोघांना एका गाईडबरोबर खाली सोडलं. चार-पाच मीटरवर पार्टनरच्या कानात कळ आली. त्याने कानाकडे बोट दाखवलं, पण गाईड तेव्हा दुसऱ्याचे फोटो काढत होता. मग, त्याच्याच शब्दांत, "टाचणी टोचल्यासारखं झालं आणि एकदम गार पाणी डोक्यात शिरलं." त्याला गरगरायला लागलं. वर आल्यावर तो उलट्या करत बसला. परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला भोक पडलंय. दोन महिने कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये.

त्या बोटवाल्याचं नाव मी इथे देत नाही. अर्धी चूक त्याची असली तरी अर्धी माझीच होती. पण त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं आणि या एप्रिलमध्ये पुन्हा तारकर्लीला जाऊन आलो. हॉस्टेलमधून दरवर्षी तीन-चार ग्रुप तरी मालवणला किंवा गोव्याला जातात, म्हणून जे कळलं ते लिहितो आहे.

आधी थोडं फिजिक्स, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. हवेचा दाब पृष्ठभागावर एक वातावरण. समुद्रात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. बॉइलचा नियम अकरावीत पाठ केलेला असतोच. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं. आता गंमत बघा. शून्यापासून दहा मीटरपर्यंत हवा निम्मी होते, पण दहापासून वीसपर्यंत ती निम्म्यावरून फक्त एक-तृतीयांशावर येते. म्हणजे सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. 'आपण काय, पंधरा-वीस फुटांवरच तर जाणार' असं म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. कानाचं नुकसान नेमकं तिथेच होतं. दोन मीटरवर कानाच्या एवढ्याशा पडद्यावर साधारण शंभर ग्रॅमचं वजन ठेवल्यासारखा जोर येतो. घसा आणि कान यांना जोडणारी नळी मोकळी असेल तर नाक दाबून हळूच फुंकर मारली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्याआधी, दर मीटरभराला करायचं असतं. सर्दीत ती नळी सुजून बंद होते, मग कितीही फुंका, उपयोग नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरणं हाही मार्ग नाही. गोळीचा परिणाम पाण्यातच ओसरला तर वर येताना अडचण होते.

दुसरी गोष्ट आपल्या भागातल्या मुलांसाठी विशेष महत्त्वाची. आपण पोहायला शिकतो ते विहिरीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. पुढे नीरा डाव्या कालव्यात उड्या मारतो. आपल्याला पाण्याखाली जायचं म्हणजे श्वास कोंडून, एवढंच ठाऊक. विहिरीत ते चालतं, कारण छातीत भरलेली हवा वरचीच असते. वर आलो की ती होती तेवढीच होते. सिलिंडरमधून मात्र आपण त्या खोलीच्या दाबाची हवा घेतो. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस काही दुप्पट होत नाही. ते फाटतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. उत्तम पोहणाऱ्यालाच हे जड जातं, कारण त्याची सवय उलटी असते. ज्या ठिकाणी उतरण्यापूर्वी हे एक वाक्य सांगत नाहीत, तिथून पैसे सोडून परत आलेलं बरं.

आता डायव्हिंगवाला कसा निवडायचा? मालवण-तारकर्लीला जे 'स्कूबा' म्हणून चालतं, ते बहुतेक अनुभवापुरतं असतं. गाईड आपल्याला धरून खाली नेतो, दहा-पंधरा मिनिटं मासे-प्रवाळ दाखवतो आणि वर आणतो. त्यात गैर काही नाही. पण त्यानंतर हातात देतात ते रंगीत 'सर्टिफिकेट' म्हणजे आठवण आहे, परवाना नाही. खरा पहिला कोर्स ओपन वॉटर डायव्हरचा. त्यात वर्ग असतात, पूलमध्ये सराव असतो, दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं असतं, समुद्रात चार बुड्या असतात आणि मग अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाण्याचं कार्ड मिळतं. पाडी ही १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था त्यात सगळ्यात माहितीची. आपल्या राज्यात तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे हे कोर्स होतात. गोव्यात ग्रँड आयलंड, कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट आणि लांब जायची ऐपत असेल तर अंदमानातलं स्वराज द्वीप (पूर्वीचं हॅवलॉक) ही पुढची ठिकाणं.

इन्स्ट्रक्टरच्या कार्डावर नंबर असतो आणि तो पाडीच्या साइटवर टाकून तपासता येतो. "सर, तुमचा नंबर मिळेल का?" असं विचारलं की चांगला माणूस खूष होतो. दुसऱ्या खेपेला आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या सरांनी नंबर तर दिलाच, वर आम्हालाच विचारलं, "आणखी काय विचारायचंय?" पहिल्या वर्षी फोनवर हेच विचारलेल्या एका मित्राला उत्तर मिळालं होतं, "साहेब, यायचं तर या, लोक रांगेत उभे आहेत." उत्तरापेक्षा उत्तराचा सूर जास्त सांगून जातो, असं माझं मत झालं आहे.

एका गाईडबरोबर किती जण, हा पुढचा प्रश्न. अगदी नवख्याला एकास एक मिळालं पाहिजे. तब्येतीचा फॉर्म देतात का, हेही पाहा. दमा, हृदयाचा आजार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरची सही आणल्याशिवाय घेत नाहीत. आपली मुलं इथे सर्रास 'नाही' लिहितात, जसं मेडिकलच्या रजेच्या अर्जात सर्रास 'हो' लिहितात! बोटीवर प्रथमोपचाराची पेटी आणि शुद्ध ऑक्सिजनची टाकी आहे का, खाली माणसं असताना वर बोटीवर कोण थांबतं, हेही विचारावं. आणि सगळ्यात शेवटी, हवा बिघडली तर काय? "पैसे परत किंवा उद्या" असं सांगणारा आपला. "काही होत नाही हो, रोज जातो" असं म्हणणारा आपला नाही.

हवेबद्दल एवढं लिहायचं कारण आपल्या दारातच आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला आले, सहा जण गेले. आमच्या हॉस्टेलमध्ये इंदापूर-भिगवणकडची बरीच मुलं आहेत. ते तीन दिवस मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. आणि त्याआधी दोन वर्षं, २४ मे २०२२ ला, तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळा मे महिन्याची अखेर, दोन्ही वेळा धोका पाण्याखाली नव्हता, पाण्यावर होता. पाण्याखालच्या मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारे आपण बोटीत चढताना लाइफ जॅकेट 'गरम होतं' म्हणून मांडीवर घेऊन बसतो. अंगात घालून बंद केलेलं जॅकेटच जॅकेट. बोटीत माणसं किती बसवली आहेत हे मोजायला इंजिनिअरिंग लागत नाही. डायव्हिंगला जायचे चांगले महिने म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल. मे संपत आला की वळवाचे वारे सुटतात आणि पावसाळ्यात तर सगळं बंदच असतं.

मला एका ज्युनिअरने विचारलं, "मग एवढ्या लांब कशाला, उजनीतच बुडी मारू. पळसदेवचं जुनं देऊळ आहे की पाण्यात!" कल्पना छान आहे. पण त्या पाण्यात हाताची बोटं दिसत नाहीत, तळाला झाडांची खोडं आणि मासेमारीची जाळी आहेत, आणि शिकवणारं-सांभाळणारं कोणी नाही. देऊळ बघायचं तर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जावं, तेव्हा ते उघडं पडतं.

आता भाड्याच्या सामानाकडे येतो. हा आपला प्रांत, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

सिलिंडरपासून सुरुवात करू. त्यात ऑक्सिजन नसतो, साधी गाळलेली, कोरडी हवा असते. वर्तमानपत्रंसुद्धा 'ऑक्सिजन सिलिंडर' लिहितात ते चूक. शुद्ध ऑक्सिजन तर सहा मीटरखाली विषारी ठरू शकतो. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११.१ लिटरचा असतो आणि २०० बारपर्यंत भरतात. म्हणजे बाहेरच्या दाबाला धरून सुमारे २२२० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५० बार राखून ठेवायचे. उरले १५० बार, म्हणजे १६६५ लिटर. शांत माणूस मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो. दहा मीटरवर दाब दुप्पट म्हणून चाळीस लिटर. भागाकार केला की ४१ मिनिटं. पण नवखा माणूस घाबरून धापा टाकतो, त्याला तीस लिटर धरा, की तोच सिलिंडर २८ मिनिटांत संपला. अठरा मीटरवर हाच घाबरलेला माणूस वीस मिनिटांत राखीव हवेवर येतो. म्हणून बुडीच्या आधी काटा किती दाखवतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आमच्या पहिल्या ट्रिपला काटा आम्हाला कोणी दाखवलाच नाही.

सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. मेसमध्ये गॅसच्या टाकीवर 'ए-२७', 'सी-२८' असं लिहिलेलं असतं, ते कधी वाचलंय? ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे तसंच, आणि आकडा वर्षाचा. त्या तिमाहीपर्यंत टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. डायव्हिंगच्या टाकीवर अशी अक्षरं नसतात, सरळ महिना-वर्ष असतं, पण तत्त्व तेच. पाणी भरून जास्त दाबाखाली ती फुगते किती आणि परत मूळ आकाराला येते का, हे बघतात. अमेरिकेत ही चाचणी पाच वर्षांनी आणि आतून डोळ्यांनी तपासणी दरवर्षी अशी पद्धत आहे. आपल्याकडे दाबाखालच्या टाक्यांचा कारभार २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतो आणि तो बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. तारीख पुसट असेल, रंगाचे थरावर थर देऊन बुजवली असेल, तर टाकी बदलून मागावी. कोणी रागावलं तर रागावू दे.

हवा कुठे भरली, हेही विचारा. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी त्याच्याच इंजिनाच्या धुरापाशी असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो. त्याला वास नाही आणि खोल गेल्यावर त्याचाही दाब हवेबरोबर वाढतो. धुराचा किंवा तेलाचा वास आलाच तर ती टाकी नकोच. वास नाही म्हणजे हवा शुद्ध, असं मात्र नाही. म्हणून कॉम्प्रेसर प्रत्यक्ष बघायला मागावा. तारकर्लीच्या सरांनी आम्हाला फिल्टर कधी बदलला याची वहीसुद्धा दाखवली. आमच्या वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरला अशी वही असती तर वर्कशॉप इन्स्ट्रक्टर आम्हाला रोज शिव्या घालत बसले नसते.

रेग्युलेटरचे दोन टप्पे असतात. पहिला टाकीवर बसतो आणि २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतका खाली आणतो. दुसरा तोंडात असतो आणि आपण श्वास ओढला तरच हवा सोडतो. दोन सोप्या चाचण्या आहेत. टाकी उघडण्याआधी तोंडात धरून हवा ओढायची. काहीच आलं नाही पाहिजे. आली तर कुठेतरी फट आहे आणि पाण्यात तिथून पाणी येणार. मग टाकी उघडून काट्याकडे बघत चार-पाच मोठे श्वास घ्यायचे. काटा स्थिर राहिला तर ठीक, प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर आला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर सगळं ठीक वाटतं, दहा मीटरवर मात्र श्वास अडतो. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. शिवाय नळ्या जिथे धातूला जोडलेल्या असतात तिथे वाकवून भेगा बघाव्यात आणि तोंडात धरायच्या रबराला दातांच्या खुणांनी भोकं पडली नाहीत ना ते पाहावं. पिवळ्या नळीचा जादा दुसरा टप्पा असतो, तो जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायचा. तोही तोंडात धरून बघायचा, शोभेला लावलेला नसतो.

हवेचं जॅकेट, ज्याला बीसीडी म्हणतात, ते पूर्ण फुगवून पाच मिनिटं बाजूला ठेवा. सैल पडलं तर गळतंय. हवा भरायचं बटण दाबून सोडल्यावर लगेच बंद झालं पाहिजे. खाऱ्या पाण्याचं मीठ साचून ते अडकतं, मग जॅकेट आपोआप फुगत राहतं आणि माणूस बाटलीच्या बुचासारखा वर येतो. वर लिहिलेलं फुप्फुसाचं प्रकरण आठवा. वजनाचा पट्टा एका हाताने, न बघता, झटक्यात सुटला पाहिजे. आणि वजन किती? विहिरीच्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. सत्तर किलोच्या माणसाला तिथे जवळजवळ पावणेदोन किलोचा जादा उचल मिळतो, शिवाय वेटसूटचा फोम वेगळा. म्हणून "मी पूलमध्ये तळाला बसतो" हा अनुभव समुद्रात कामाचा नाही.

मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकी हवा ओढायची आणि हात सोडायचा. पडला नाही तर आपल्या मापाचा. मिशीवाल्यांना जरा त्रास होतो. मला वाटतं, पहिली गोष्ट विकत घ्यायची तर मास्कच. बाकी सगळं भाड्याने घेता येतं, चेहरा मात्र भाड्याचा नसतो. चष्मेवाल्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. शिवाय पाण्यात सगळं एक-तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे थोड्या नंबरवाल्यांचं भागून जातं. आमच्या एकाने तीन फुटी मासा पाहिल्याचं सांगितलं, तो सव्वादोन फुटी धरावा.

परतीच्या प्रवासाचं कोणी सांगत नाही, ते सांगतो. दाबाखाली रक्तात जास्त नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. दाब एकदम कमी झाला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. म्हणून एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमान टाळायला सांगतात. आपण विमानाने कुठे येतो! पण हा नियम साधारण सहाशे मीटर उंचीपासून पुढे लावतात आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. म्हणजे दोन-तीन खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी घाट चढलात तर तुम्ही त्या हद्दीत आलात. पंधरा फुटांच्या पंधरा मिनिटांना एवढी भीती नाही, पण कोर्स करणाऱ्याने शेवटची रात्र खालीच काढावी. आम्ही ती मालवणच्या बाजारात काढली. एक जेवण वाढलं, एवढाच खर्च.

एप्रिलमध्ये पार्टनरही बरोबर होता. पडदा तोपर्यंत भरून आला होता, असं त्याचं म्हणणं. सरांनी फॉर्म वाचला, कानाच्या रकान्यातलं 'हो' बघितलं आणि म्हणाले, "बाळा, कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर दे, नाहीतर आज बोटीवर बस." चिठ्ठी नव्हती. मला वाटलं हा आता भांडणार. तो लाइफ जॅकेट घालून बसला आणि आमची प्रत्येकाची वेळ आणि काट्याचा आकडा माझ्या वहीत लिहीत राहिला. त्याचे पैसे सरांनी घेतले नाहीत. माझा आकडा बघून तो म्हणाला, "मिनिटाला चौतीस लिटर घेतलीस रे, घाबरला होतास का?"

चिठ्ठी त्याला जूनमध्ये मिळाली. आता सीझन उघडायची वाट बघतो आहे.